घाटासाठी घेतलेले टायर

टायरवाल्याने खाली बसून पुढच्या चाकाच्या कडेवर अंगठा दाबला. मग माझ्याकडे वर बघून म्हणाला, "साहेब, ही गाडी चालवता की नुसती हार घालून ठेवता?"

लालबागहून भायखळ्याकडे जाताना हे दुकान लागतं. माझी गाडी लहान आहे, जुनी आहे, आणि फारशी कुठे जात नाही. त्याने बोटाने दाखवलं. टायरची नक्षी जवळजवळ नवी होती, खाचा खोल होत्या. पण कडेच्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हात ठेवलेल्या शेणाच्या गोवरीसारख्या.

"झिजलेले नाहीत. वयाने गेलेत," तो म्हणाला. "रबर कडक झालं. हे असे टायर बघितले की वाईट वाटतं बघा. खर्च करून घेतले आणि वापरलेच नाहीत."

त्याने दोन नवे टायर आणून भिंतीला टेकवले. एकाची नक्षी बारीक, दुसऱ्याची रुंद आणि खोल. "हा शांत. गाडीत बसलोय हे कळणारसुद्धा नाही. आणि हा थोडा गुणगुणतो, पण ओल्या रस्त्यावर याची पकड चांगली. बोला, कुठला?"

दुसऱ्या टायरची नक्षी मी ओळखली. माझ्या गाडीला तीच होती. वडिलांनी निवडलेली.

"आईला विचारून येतो," मी म्हणालो.

पन्नाशी ओलांडलेला माणूस टायर कुठले घालू हे आईला विचारायला जातो, याचं त्याला हसू आलं. येणारच. मला मात्र दुसरं काही सुचेना. या टायरांबद्दल माझ्या घरात जी गोष्ट सांगितली जाते ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे आजपर्यंत फक्त मला ठाऊक होतं.

वडील परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी स्ट्रेचर ढकलले. राहायला काळाचौकीच्या चाळीत, गाव कणकवलीच्या पुढे. गावच्या घरी गणपती, तेव्हा चतुर्थीला गावाला पोचायचं यात चर्चेला जागाच नव्हती. आयुष्यभर ते एसटीने गेले. डोक्यावर गोणी, हातात पिशवी, फाट्यावर उतरायचं आणि उरलेली वाट चालायची. चाळीतल्या इतरांची पोरं हळूहळू गाड्यांतून जायला लागली. त्यांच्या आईबापांना पार अंगणात उतरवायला लागली. मी गाडी घेतली तेव्हा वडिलांनी एवढंच मागितलं.

"एकदा गाडयेतसून दारात उतरूचा आसा. मगे काय नको."

मी हो म्हटलं. ताबडतोब म्हटलं.

आता जे लिहितोय ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मला चढावर गाडी चालवायची भीती वाटते. गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत परळच्या पुलाच्या चढावर सिग्नलला थांबलो होतो. सिग्नल सुटला, माझा क्लच नीट सुटला नाही, गाडी मागे गेली आणि मागच्या टॅक्सीला लागली. टॅक्सीवाला उतरला, त्याने आपला बंपर बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाला, "चढाव पे नहीं संभलती तो घर पे रखो ना भाईसाब." बाजूच्या बसमधले लोक हसले. एवढंच घडलं. पण त्यानंतर मी पूल टाळून खालच्या रस्त्याने जायला लागलो. दादरच्या बाजाराला, सासुरवाडीला गिरगावात, सपाट वाटेने जेवढं जाता येईल तेवढं. वर चढ, खाली दरी, मागे ट्रक, अशा घाटात मी गाडी नेऊ शकत नव्हतो. आणि वडील चाळीच्या गॅलरीत उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "माझो झील गाडी काय चालयता! पाणी हलणा नाय पोटातला." पाणी कसं हलेल? मी चाळीसच्या वर गाडी नेतच नव्हतो.

पहिल्या वर्षी मी म्हणालो, "बाबा, टायर घाटाचे नाहीत. टायर बदलले की जाऊ."

तोंडाला आलं ते बोललो. टायर तेव्हा बरे होते. पण वडिलांना ते पटलं, आणि पटलं एवढंच नाही, त्यांनी ते मनावर घेतलं. आयुष्यभर स्ट्रेचरच्या चाकांशी भांडलेला माणूस. कुरकुरणारं चाक असलेलं स्ट्रेचर ते घ्यायचेच नाहीत. म्हणायचे, पेशंट आधीच घाबरलेला असतो, त्यात चाक रडायला लागलं तर त्याला वाटतं आपण गेलोच. चाकांबद्दल कुणी त्यांना काही सांगितलं की ते ऐकून घेत.

मग ते टायर शिकायला निघाले. हसू येण्यासारखं होतं ते. लग्नानंतर मी वेगळा राहत होतो; रोज सकाळी चाळीतून माझ्या इमारतीखाली येऊन गाडी पुसायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्यांच्या गाड्यांच्या टायरांना अंगठा दाबून बघायचे. वॉचमनने एकदा हटकलं तर त्यालाच टायरच्या कडेवरचे आकडे दाखवले. "ह्ये बघ, ह्या आठवड्यात आणि ह्या वर्षाक जन्म झालो हेचो. पत्रिका आसा." वाटेत टायरची दुकानं लागली की आत शिरायचे. घ्यायचं काही नसताना इतके प्रश्न विचारायचे की एका दुकानदाराने त्यांना चहा पाजून हात जोडले होते. काही गोष्टी बरोबर समजायच्या, काही भलत्याच. टायरमध्ये नायट्रोजन भरला की गाडी हलकी होते आणि घाटात आपसूक वर ओढली जाते, असं त्यांनी चाळीत दोघा-तिघांना पटवलं होतं.

संध्याकाळी मला हिशेब द्यायचे. रुंद टायर घालू नको, स्टिअरिंग जड होतं. दोनच बदलू नको, चारही बदल. ट्यूबलेसच घे. मी दर वेळी नवी शंका काढायचो. साइझ एक नंबर मोठा घेतला तर? परदेशी बनावटीचा बघू का? पुढच्या महिन्यात नवीन माल येतोय म्हणतात, थांबू या. ते थांबायचे. परत चौकशी करायचे. मी टायर निवडत नव्हतो, मी त्यांना फिरवत होतो. गणपती आले की ते गोणी बांधायचे आणि परळच्या डेपोवरून एसटी पकडायचे. गॅलरीतून हाक यायची, "काय काका, यंदा पण लाल डबोच?"

"टायर चाललेत बघूचे," ते सांगायचे. "घाईत घेऊची वस्तू न्हय ती."

एका वर्षी बायको म्हणाली, "अहो, एवढं आहे तर ड्रायव्हर घेऊन जा ना. खालच्या मजल्यावरच्यांचा आहे ओळखीचा. तो गावापर्यंत जातो."

वडील समोरच बसले होते. किती सोपं होतं. त्या वेळी मान डोलावली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती आणि मी हे लिहायला बसलो नसतो. बायकोला माझी भीती कळली होती, आणि तिने मला न दुखवता वाट काढून दिली होती. मला तेच झोंबलं.

"आपल्या गाडीला परका माणूस कशाला?" मी म्हणालो. "मला येत नाही का चालवता?"

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "शाबास! ड्रायव्हर घेऊन जातले ते शेट लोक. माझो झील चालयतलो, आणि मी बाजूक बसतलंय."

बायको माझ्याकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही.

शेवटी शंका संपल्या. जुने टायर खरोखरच झिजले. आम्ही दोघे याच दुकानात आलो. याच माणसाने असेच दोन टायर भिंतीला टेकवले होते. तेव्हाही हेच बोलला. हा शांत, हा गुणगुणतो पण ओल्यात पकड चांगली.

वडिलांना तोवर कमी ऐकू यायला लागलं होतं. दुकानदाराला दोनदा बोलावं लागलं. कळल्यावर मोठ्याने हसले. "आवाजाक काय करूचा? माका खय ऐकाक येता! गणपतीत घाट भिजलेलो आसता. पकड व्हयी, पकड." त्यांनी आकडे वाचले, टायर ताजे असल्याची खात्री करून घेतली, चारही चाकांना तेच घालायला लावले. मग दुकानासमोरच नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला म्हणाले, "घे, चालव." लिंबं फुटल्याचा आवाज त्यांना ऐकू आला नसणार, पण ते कान देऊन उभे होते.

त्या वर्षी आई साफसफाईला आधीच एसटीने गावाला गेली. सगळ्या वाडीला सांगून ठेवलं, यंदा आमचे गाडीने येतायत.

आम्ही दोघे पहाटे निघालो. वडिलांनी पांढरा शर्ट आणि टोपी घातली होती. पनवेल, पेण, वडखळ. खड्डे, धूळ, गाड्यांच्या रांगा. सपाट होतं तोवर मी बरा होतो. कशेडीला तेव्हा बोगदा झालेला नव्हता, घाट चढूनच जावं लागे. माणगाव गेलं, महाड गेलं, पुढे डोंगर दिसायला लागले तशी मी गाडी आणखी हळू केली. वडील मजेत होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीचे टायर बघून शेरा मारत होते. "ह्या बघ, गुळगुळीत. घाटात गेल्यावर कळतला तेका."

पोलादपूरला मी गाडी कडेला घेतली.

"टायरचा आवाज येतोय," मी म्हणालो.

"काय?"

"आवाज! टायरचा!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "बरोबर नाही वाटत!"

त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी तळहात डॅशबोर्डवर सपाट ठेवला आणि मला म्हणाले, "जरा चालव बघू." मी थोडी पुढे घेतली. डोळे मिटून ते हाताने आवाज शोधत होते. कधीतरी स्ट्रेचरच्या दांड्यावर असाच हात ठेवत असतील. खूप वेळाने म्हणाले, "माका तर काय समजना नाय."

"मला येतोय ना ऐकू."

"मग आसतलो," ते म्हणाले. "तुका येता म्हणजे आसतलोच. हय कोणाक तरी दाखवया."

रस्त्याच्या पलीकडे पंक्चरवाला होता. वडिलांना गाडीतच बसवून मी त्याच्याकडे गेलो. त्याने येऊन चारी चाकांभोवती फेरी मारली, टायरवर थापट्या मारल्या, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, "नवीन आहेत साहेब. एवढा आवाज असायचाच. एक नंबर टायर आहेत. जावा बिनधास्त." वडील काचेतून आमच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

मी गाडीत येऊन बसलो. समोर घाटाची सुरुवात दिसत होती. एक ट्रक पहिल्या वळणावर घरघरत चढत होता, त्याच्यामागे गाड्यांची रांग लागलेली.

"तो म्हणतो पुढे नेऊ नका," मी ओरडून सांगितलं. "ह्या टायरांवर घाट नको म्हणतो."

त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांना शंका आली असती तरी मला बरं वाटलं असतं. ते दार उघडून उतरले, पुढच्या चाकापाशी बसले, नक्षीवरून हात फिरवला आणि परत येऊन बसले.

"माझाच चुकला," म्हणाले. "तो दुकानदार सांगत होतो. आवाज करतलो म्हणून. मी मस्करी केलंय."

मी गाडी वळवली.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "तुझो दिवस फुकट गेलो रे." दुसऱ्या दिवशी गोणी घेऊन एसटीत बसले आणि गावाला गेले. उभ्यानेच गेले असावेत, त्या दिवसांत बसायला जागा कुठून मिळणार. आईने दारात पाण्याचा तांब्या आणि गाडीवरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा ठेवला होता. रात्र उलटली, भाकरी वाळून गेली. वाडीतली माणसं येऊन विचारून गेली. आणि दुसऱ्या दिवशी नवरा फाट्यावरून गोणी घेऊन चालत येताना दिसला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुमका काय कळता टायरातला? माका वाडीत तोंड दाखवूक ठेवलास नाय."

ते म्हणाले, "व्हय गो. माझीच चूक."

तेव्हापासून ती आमच्या घरातली गोष्ट झाली. बाबांचे टायर. कुणी चुकीची भाजी आणली, चुकीच्या फलाटावर जाऊन उभं राहिलं, की आई म्हणायची, "ह्येंच्या टायरासारखाच झाला." लग्नात, बारशात, चाळीच्या पूजेत. पाहुणे हसायचे. वडील हसायचे. मीही हसायचो, आणि एखाद्या वेळी तर माझ्याकडून त्यात भर घालायचो. नायट्रोजनचा किस्सा मीच जोडला होता.

गाडी पुसायला यायचे ते बंद झाले. इमारतीखालून जाताना गाडीकडे बघत नसत. एकदा म्हणाले, "बदलून टाक रे ते टायर. माझ्यामुळे अडाकलस. तुका खय जाऊक मिळना नाय." मी म्हणालो, बघू.

पुढच्या चतुर्थीच्या आधी ते गेले. ज्या इस्पितळात त्यांनी नोकरी केली तिथेच. शेवटच्या दिवसांत त्यांना स्ट्रेचरवरून तपासणीला न्यायचे. एका चाकाला आवाज होता. त्यांना तो ऐकू आला नाही, हे बरं झालं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. असल्या गोष्टी माणूस किती पटकन सांगतो स्वतःला.

टायर तसेच राहिले. घाट बघितलाच नाही त्यांनी. सपाट रस्त्यावर उभे राहून म्हातारे झाले.

दुकानातून निघून मी काळाचौकीला गेलो. आई गॅलरीत मांडीवर सूप घेऊन कोकमाची सोलं निवडत बसली होती. गावाहून आलेली सोलं, त्यातले खडे आणि बिया वेगळ्या काढायच्या. मला अवेळी बघून म्हणाली, "काय रे, आज ऑफिस नाय?"

"टायर बदलायचेत."

"बदल," ती म्हणाली आणि हसायला लागली. "कोणाक विचारून घे मात्र. तुझ्या बापाशीसारखे नको."

खरं तर तेव्हाही मी हसलो असतो. सवयच होती. पण मघाशी दुकानात ती नक्षी बघितली होती, आणि तिच्यावर हात फिरवणारा माणूस डोळ्यांसमोरून जात नव्हता.

"आई, त्या टायरांना काही झालं नव्हतं," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. पुलाचा चढ, टॅक्सी, टायर झाले की जाऊ म्हणून काढलेली वर्षं, पंक्चरवाला काय म्हणाला ते, आणि मी त्यांना काय सांगितलं ते. सांगताना माझा आवाज बराच खाली गेला असावा, कारण मधे ती म्हणाली, "मोठ्यान सांग. माझे कान तेंच्यासारखे न्हय, पण मोठ्यान सांग." शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. मी मोठ्याने सांगितलं.

तिने सूप बाजूला ठेवलं नाही. बोटं सोलांत तशीच राहिली. मला वाटलं होतं रडेल, किंवा मारेल. मी कुठेतरी त्याचीच वाट बघत होतो.

"मेल्यावर कशाक सांगतस?" ती म्हणाली. "ते जित्ते होते तेव्हा सांगलं असतंस तर तेंका बरा वाटला असता. आता कोणाक बरा वाटाचा? तुका?"

मी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"तेंका मी काय काय बोललंय. लोकांसमोर. मरायच्या आधल्या दिवशी पण बोललंय, सलाइन लावलेलो हात तेंनी हलवलो म्हणून. म्हटलंय, हेपण तुमच्या टायरासारखा करून ठेवा." तिने एक बी काढून गॅलरीबाहेर टाकली. "आणि ते 'व्हय' म्हणाले. आता मी माफी कोणाकडे मागू? फोटोकडे? तू सांगलंस आणि मोकळो झालस. मी अडाकलंय."

मोकळा झालो होतो की नाही, माहीत नाही. पण तिने म्हटलं ते खरं होतं. इतकी वर्षं माझ्याकडे होतं ते मी उचलून तिच्या सुपात टाकलं होतं, तिला विचारल्याशिवाय. सांगण्यात धाडस असतं असं मला वाटत आलं होतं. तिच्या तोंडाकडे बघताना ते धाडस वाटेना.

खालून कुणीतरी तिला हाक मारली. बराच वेळ ती सोलं निवडत राहिली, निवडून झालेलीच पुन्हा निवडत. मी उठलो तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "टायर कुठले घालतस?"

"तेच विचारायला आलो होतो. एक शांत आहे. आणि एक बाबांनी घेतले तसे."

"तेंनी घेतले तेच घाल."

"बरं."

"आणि ड्रायव्हर घे."

"घेतो. यंदा चतुर्थीला तुला दारात—"

"माका नको," ती म्हणाली. "मी यष्टीन जातलंय. फाट्यावर उतरान चालत जातलंय, ते गेले तसा. तू गाडी घेऊन ये मागसून. वाडीतले विचारतले, तेंका तूच सांग टायराचा काय झाला ता. मोठ्यान सांग."